१६९२७९४०४० म्हणजे नेमके कधी? टाइमस्टॅम्पची तारीख आणि तारखेचा टाइमस्टॅम्प

सर्व्हरची लॉग फाइल, एखाद्या ॲपचा डेटाबेस किंवा कुठून तरी आलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) उघडली की तारखेच्या रकान्यात तारखेऐवजी १६९२७९४०४० असा लांबलचक आकडा दिसतो. हा टाइमस्टॅम्प, म्हणजे एका ठरलेल्या क्षणापासून उलटलेल्या वेळेची मोजणी. ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये तो चिकटवला की उत्तर मिळते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पंचाईत होते ती साडेपाच तास मागे, एक दिवस अलीकडे किंवा थेट १९७० सालातले उत्तर आल्यावर. हा लेख त्यासाठी आहे: हिशेब हाताने कसा करायचा, एक्सेलमध्ये कसा, कमांडने कसा, आणि उत्तर चुकले तर किती चुकले यावरून कारण कसे ओळखायचे.

लिपीबद्दल एक सूचना आधीच. इथले सगळे फॉर्म्युले आणि कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टाइप करताना अक्षरे आणि अंक दोन्ही इंग्रजीच हवेत. पायथॉनचे 'इंट' फंक्शन देवनागरी अंक बिनबोभाट स्वीकारते, तर जावास्क्रिप्टचे 'नंबर' त्याच अंकांना 'नॅन' म्हणजे 'हा आकडाच नाही' असे उत्तर देते. नशिबावर सोडण्यात अर्थ नाही.

## आकड्याला विचारायचे तीन प्रश्न

नुसता आकडा म्हणजे तारीख नव्हे. 'गाडी ४२ वर आहे' असे कोणी सांगितले तर आपण लगेच विचारू, कुठून ४२, आणि किलोमीटर की मैल? इथेही तेच. मोजायला सुरुवात कुठून केली, मोजमाप सेकंदांत की त्याहून बारीक, आणि उत्तर कुठल्या गावच्या घड्याळात हवे आहे, या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पुढे जाऊ नये.

सर्वात रुळलेली पद्धत युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची. तिची मोजणी १ जानेवारी १९७० रोजी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे रात्री ००:००:०० वाजता सुरू होते. या आरंभबिंदूला ईपॉक म्हणतात. त्या क्षणी भारतातल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजले होते. हे साडेपाच लक्षात ठेवा, पुढे ते फार ठिकाणी भेटणार आहे.

युनिक्स टाइमस्टॅम्पला टाइमझोन नसतो. १६९२७९४०४० हा आकडा पुण्यात, लंडनमध्ये आणि न्यू जर्सीत एकच क्षण दाखवतो. टाइमझोन लागतो तो त्या क्षणाची तारीख-वेळ लिहून दाखवताना, किंवा लिहिलेल्या तारीख-वेळेवरून आकडा काढताना. 'आयएसटीतला (भारतीय प्रमाणवेळेतला) टाइमस्टॅम्प द्या' अशी मागणी कुणी केली तर तिथेच थांबून त्याला नेमके काय हवे आहे ते विचारावे. अनेकदा मूळ आकड्यात १९८०० (साडेपाच तासांचे सेकंद) मिळवून दिलेला एक भलताच आकडा पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो.

## एकच क्षण, नऊ आकडे

चांद्रयान-३ चंद्रावर उतरण्याची इस्रोने जाहीर केलेली वेळ होती २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटे. यूटीसीत १२:३४. हाच क्षण वेगवेगळ्या यंत्रणा अशा लिहितील:

| पद्धत | मोजणीची सुरुवात आणि एकक | आकडा |
|---|---|---|
| युनिक्स, सेकंद | १९७०, सेकंद | १६९२७९४०४० |
| जावा, जावास्क्रिप्ट | १९७०, मिलिसेकंद | १६९२७९४०४०००० |
| युनिक्स, मायक्रोसेकंद | १९७०, सेकंदाचा दहा लाखावा भाग | १६९२७९४०४००००००० |
| विंडोजचा फाइलटाइम | १६०१, सेकंदाचा कोटीवा भाग | १३३३७२६७६४०००००००० |
| क्रोम ब्राउझरची हिस्टरी | १६०१, मायक्रोसेकंद | १३३३७२६७६४००००००० |
| ॲपल | १ जानेवारी २००१, सेकंद | ७१४४८६८४० |
| एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याची पद्धत) | १९००, सेकंद | ३९०१७८२८४० |
| जीपीएस | ६ जानेवारी १९८०, सेकंद | १३७६८२९२५८ |
| एक्सेल, भारतीय वेळ | १९००, दिवस | ४५१६१.७५२७८ |

ओळखायची पहिली खूण म्हणजे अंकांची संख्या. आजकालच्या तारखांसाठी १० अंक म्हणजे सेकंद, १३ म्हणजे मिलिसेकंद, १६ म्हणजे मायक्रोसेकंद आणि १९ म्हणजे नॅनोसेकंद. १८ अंकी आकडा १३ने सुरू होत असेल तर बहुधा विंडोजचा, १७ अंकी असेल तर बहुधा क्रोमचा. ॲपलचा आकडा ९ अंकीच असतो. तो युनिक्स समजून वाचला तर वरच्या क्षणाची तारीख २२ ऑगस्ट १९९२ येते, म्हणजे ३१ वर्षे मागे.

खरी फसगत जीपीएसच्या आकड्यात आहे. तोही १० अंकी, तोही १नेच सुरू होणारा, आणि युनिक्स समजून वाचला तर १८ ऑगस्ट २०१३ अशी अगदी पटण्याजोगी तारीख देतो. गाड्यांच्या ट्रॅकरमधून किंवा सर्वेक्षणाच्या उपकरणातून आलेली माहिती असेल तर एक तरी नोंद खात्रीच्या वेळेशी ताडून पाहिल्याशिवाय पुढचे हजारो आकडे बदलू नयेत.

दुसरी खूण म्हणजे आकड्याची सुरुवात. सेकंदांचा १० अंकी आकडा १६ने सुरू होत असेल तर तो १३ सप्टेंबर २०२० ते १४ नोव्हेंबर २०२३ या काळातला. १७ने सुरू होत असेल तर तिथून १५ जानेवारी २०२७पर्यंतचा. कन्व्हर्टर न उघडताही अंदाज बांधायला एवढे पुरते.

## हाताने हिशेब

एकदा तरी हा हिशेब कागदावर करून पाहावा. कॅल्क्युलेटर चालेल. आकडा १६९२७९४०४०, उत्तर भारतीय वेळेत हवे.

१. भारतीय वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे, म्हणजे १९८०० सेकंद. ते मिळवा: १६९२८१३८४०.

२. दिवसात ८६४०० सेकंद. भागा. पूर्ण दिवस १९५९२, बाकी ६५०४०.

३. बाकीला ३६००ने भागा: १८ तास, बाकी २४०. त्याला ६०ने भागा: ४ मिनिटे, बाकी शून्य. वेळ १८:०४:००.

४. आता १९५९२ दिवसांची वर्षे करा. १९७० ते २०२२ ही ५३ वर्षे. ५३ गुणिले ३६५ म्हणजे १९३४५. त्यात १९७२ ते २०२० या काळातली १३ लीप वर्षे मिळवली की १९३५८. उरले २३४ दिवस.

५. १ जानेवारी २०२३ नंतर २३४ दिवस. जुलै संपेपर्यंत २१२ दिवस होतात, उरले २२. एक ऑगस्टच्या पुढे २२ दिवस म्हणजे २३ ऑगस्ट.

शेवटच्या पायरीवर एका दिवसाची चूक हमखास होते. उरलेले २२ म्हणजे '२२ तारीख' नव्हे. १ तारखेला शून्य दिवस उलटलेले असतात.

वार तर त्याहून सोपा. १ जानेवारी १९७०ला गुरुवार होता. १९५९२ला ७ने भागून बाकी ६, गुरुवारपासून सहावा वार बुधवार. २३ ऑगस्ट २०२३ला बुधवारच होता, म्हणजे हिशेब जुळला.

उलट्या दिशेने पायऱ्या उलट्या: दिवस मोजा, ८६४००ने गुणा, त्या दिवसाचे उलटलेले सेकंद मिळवा, शेवटी १९८०० वजा करा.

१९७० पूर्वीच्या तारखांना आकडा ऋण येतो. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६०, भारतीय वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे -३०५१८४६००. त्यात १९८०० मिळवून ८६४००ने भागले तर बरोबर -३५३२ दिवस येतात. ऋण आकड्याला निःशेष भाग जात नसेल तेव्हा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे न्यायचा असतो, शून्याकडे नव्हे. सी आणि जावाचा साधा भागाकार शून्याकडे झुकतो, पायथॉनचा '//' खाली झुकतो. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये १९७० पूर्वीच्या जन्मतारखा एक दिवसाने पुढे सरकतात, त्याचे एक कारण हे.

## एक्सेल आणि गुगल शीट्स

एक्सेल दिवस मोजते. १ जानेवारी १९७० हा तिच्या हिशेबात २५५६९वा दिवस. म्हणून ए२ या सेलमध्ये सेकंदांचा टाइमस्टॅम्प असेल तर भारतीय वेळेसाठी फॉर्म्युला असा:

=ए२/८६४००+२५५६९+१९८००/८६४००

एन्टर दाबल्यावर ४५१६१.७५२७८ दिसेल. घाबरू नका, उत्तर बरोबर आहे, फक्त सेलला तारखेचा वेश चढवायचा आहे. कंट्रोल आणि १ दाबा, नंबर टॅबमध्ये 'कस्टम' निवडा आणि दिवस-महिना-वर्ष तास:मिनिट:सेकंद असा साचा भरा. मिलिसेकंदांचा आकडा असेल तर ८६४००च्या जागी ८६४०००००, मात्र फक्त पहिल्या ठिकाणी. शेवटच्या १९८००/८६४०० या भागाला हात लावायचा नाही.

उलट, बी२मध्ये भारतीय वेळेतली तारीख असेल तर:

=राउंड((बी२-२५५६९)*८६४००-१९८००,०)

राउंड गाळू नका. एक्सेल वेळ दशांश अपूर्णांकात ठेवते आणि गुणाकारानंतर १६९२७९४०३९.९९९९ असे काहीतरी निघू शकते. पुढे कुणी त्यातला अपूर्णांक छाटला की एक सेकंद गेला.

आता एक्सेलमध्ये नेमके काय बिघडते ते.

सीएसव्हीवर डबल क्लिक करून ती उघडली की १३ अंकी आकडे १.६९२७९ई+१२ असे दिसतात. हे दिसण्यापुरते आहे, रकाना रुंद करून फॉरमॅट 'नंबर' केला की आकडा परत येतो. पण एक्सेल १५ अंकांपलीकडे अचूक आकडा ठेवतच नाही. १८ अंकी फाइलटाइमचे शेवटचे तीन अंक शून्य होतात, आणि फाइल तशीच सेव्ह केली तर ते कायमचे गेले. असे आकडे आणताना डबल क्लिक टाळा. 'डेटा' टॅबमधून सीएसव्ही आयात करा आणि तो रकाना 'टेक्स्ट' म्हणून निवडा.

जुन्या मॅकवर तयार झालेल्या काही वर्कबुकांत १९०४ची तारीखपद्धत असते. तिथे २५५६९ऐवजी २४१०७ घ्यावे लागते. तारखा बरोबर १४६२ दिवसांनी, म्हणजे ४ वर्षे १ दिवसाने सरकलेल्या दिसल्या की दुसरे काही शोधत बसू नका.

आणि एक गंमत. एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानते. प्रत्यक्षात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस झालाच नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावे म्हणून ही चूक जाणूनबुजून ठेवली गेली आणि आजही आहे. मार्च १९००च्या पुढच्या तारखांना तिचा त्रास नाही.

गुगल शीट्समध्ये वरचे फॉर्म्युले तसेच चालतात. शिवाय 'ईपॉकटूडेट' नावाचे फंक्शन आहे. त्याला दुसरा आकडा १ दिला तर सेकंद, २ दिला तर मिलिसेकंद, ३ दिला तर मायक्रोसेकंद. उत्तर यूटीसीत येते, शीटच्या सेटिंगमध्ये भारतीय टाइमझोन असला तरीही. १९८००/८६४०० तुम्हालाच मिळवायचे.

तारीख वाचण्यातला घोळ वेगळाच. ०४/०५/२०२४ म्हणजे आपल्याकडे ४ मे, पण अमेरिकी सेटिंगच्या कॉम्प्युटरला ५ एप्रिल. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या तर हेच झाले आहे. १३ ते ३१ तारखांचा महिना होऊ शकत नाही म्हणून त्या मजकूर म्हणून डावीकडे राहिल्या, आणि १ ते १२ तारखा गुपचूप उलट्या होऊन उजवीकडे गेल्या. जास्त नुकसान उजवीकडच्यांचे झालेले असते.

## कमांड आणि कोड

लिनक्सवर:

टीझेड=एशिया/कोलकाता डेट -डी @१६९२७९४०४०

@ चिन्ह विसरले तर कमांड आकड्याला तारीख समजून वाचायचा प्रयत्न करते आणि चूक दाखवते. उलट दिशेला:

डेट -डी '२०२३-०८-२३ १८:०४:०० +०५३०' +%एस

यातला एस लहान लिपीतला. मोठा टाकला तर फक्त मिनिटातले सेकंद मिळतात, म्हणजे ००. आणि +०५३० नक्की लिहा. नाही तर कमांड मशीनचा टाइमझोन धरते, आणि भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तो सहसा यूटीसी असतो. तुमच्या लॅपटॉपवर बरोबर आलेले उत्तर तिथे १९८००ने चुकते.

मॅकवर -डी @ चालत नाही, तिथे डेट -आर आणि पुढे थेट आकडा. हीच -आर लिनक्सवर वापरली तर ती त्या नावाची फाइल शोधायला जाते.

विंडोजवर पॉवरशेल ७.१पासून 'गेट-डेट'ला 'युनिक्सटाइमसेकंड्स' हा पर्याय आहे. मात्र विंडोजसोबत येणारे पॉवरशेल ५.१ असेल तर त्याच्या 'यूफॉरमॅट %एस'वर विसंबू नका. ते स्थानिक घड्याळावरून मोजते, त्यामुळे भारतात आकडा १९८००ने जास्त येतो. फाइलटाइमचा १८ अंकी आकडा असेल तर 'डब्ल्यू३२टीएम /एनटीटीई' आणि पुढे आकडा. हाताने करायचे तर एक कोटीने भागून ११६४४४७३६०० वजा केले की युनिक्स सेकंद मिळतात. क्रोमच्या आकड्याला दहा लाखाने भागा, पुढचे तेच.

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल उघडले की जावास्क्रिप्ट हाताशी असते. 'न्यू डेट'ला मिलिसेकंद लागतात, म्हणून सेकंदांच्या आकड्याला १०००ने गुणून द्या. न गुणता दिला तर २० जानेवारी १९७०, संध्याकाळी ७:४३:१४ असे उत्तर येईल. टाइमस्टॅम्पच्या चुकांमध्ये सर्वाधिक घडणारी ही चूक. जावास्क्रिप्टचा आणखी एक हिसका असा की '२०२४-०८-१५' अशी नुसती तारीख दिली तर ती यूटीसीतली मध्यरात्र धरते, आणि तिलाच 'टी००:००' जोडले तर स्थानिक मध्यरात्र. दोन्हींत भारतात साडेपाच तासांचा फरक. महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून तीन आकडे वेगवेगळे देऊन तारीख बनवताना ऑगस्टसाठी ७ द्यायचा.

पायथॉनमध्ये 'फ्रॉमटाइमस्टॅम्प'ला टाइमझोन द्या, रिकामे सोडू नका. 'झोनइन्फो' ३.९ आवृत्तीपासून सोबतच येते, विंडोजवर त्यासाठी 'टीझेडडेटा' हे पॅकेज वेगळे बसवावे लागते. 'यूटीसीनाऊ' आणि 'यूटीसीफ्रॉमटाइमस्टॅम्प' ही दोन फंक्शन ३.१२पासून बाद ठरवली आहेत, आणि ते योग्यच झाले. यूटीसीनाऊ जी वेळ देते तिच्यावर टाइमझोनची चिठ्ठी नसते. तिचा टाइमस्टॅम्प काढायला गेले की पायथॉन तिला स्थानिक वेळ समजते आणि पुण्यातल्या लॅपटॉपवर आकडा १९८००ने कमी भरतो. यूटीसीवरच्या सर्व्हरवर तोच कोड बरोबर चालतो, म्हणून चूक कुणाला सापडत नाही.

डेटाबेसबद्दल थोडक्यात. मायएसक्यूएलचे 'फ्रॉम_युनिक्सटाइम' त्या सेशनच्या टाइमझोनमध्ये उत्तर देते, आणि 'कन्व्हर्ट_टीझेड'ला 'एशिया/कोलकाता' दिल्यावर उत्तर नल, म्हणजे रिकामे, आले तर सर्व्हरवर टाइमझोनचे तक्ते भरलेले नाहीत. '+०५:३०' द्या, चालेल. पोस्टग्रेसमध्ये 'आयएसटी' असे संक्षिप्त नाव लिहू नका. तिच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीच्या दोनच तास पुढे. पूर्ण नाव लिहायची सवय सगळीकडेच बरी.

## किती चुकले यावरून कळते का चुकले

उत्तर चुकले तर आधी किती चुकले ते मोजा.

साडेपाच तासांचा फरक म्हणजे टाइमझोन एकदा राहिला किंवा एकदा जास्त लागला. अकरा तासांचा फरक म्हणजे मिळवायच्या ऐवजी वजा केले.

१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० हे उत्तर आले तर हिशेब तपासू नका. आकडा शून्य आहे, म्हणजे मुळात वेळ भरलीच गेली नव्हती. अमेरिकेतल्या मशीनवर हेच ३१ डिसेंबर १९६९ची संध्याकाळ म्हणून दिसते.

जानेवारी १९७०च्या विशीतली तारीख म्हणजे सेकंदांना मिलिसेकंद समजले गेले. उलट झाले तर साल ५५६१२च्या आसपास जाते. पायथॉन तिथे चूक दाखवते, एक्सेल नुसत्या ###### छापते.

३१ वर्षे मागे म्हणजे ॲपलचा आकडा, त्यात ९७८३०७२०० मिळवा. १८ सेकंदांचा फरक म्हणजे जीपीएस. यूटीसीत अधूनमधून लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, घातला जातो, १९७२पासून असे २७ झाले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ला. जीपीएस लीप सेकंद घेत नाही आणि १९८०नंतरचे १८ तिच्या मागे राहिले. युनिक्सचे गणित तर लीप सेकंद झालाच नाही असे मानून चालते, म्हणूनच आपण दिवसाला निर्धास्तपणे ८६४००ने भागू शकतो.

१४ डिसेंबर १९०१, रात्री २:१५:५२ हे उत्तर म्हणजे ३२ बिटांची जागा संपली. तिथे मावणारा सर्वात मोठा आकडा २१४७४८३६४७, म्हणजे भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होतो. २०३८ दूर वाटते, पण वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आजच त्याच्या पलीकडे पडतो. मायएसक्यूएलचा 'टाइमस्टॅम्प' प्रकारचा रकाना या मर्यादेतच अडकलेला आहे, 'डेटटाइम' नाही.

वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतच साल एकने पुढे दिसत असेल तर जावातल्या साच्यात लहान लिपीतल्या चार वायऐवजी मोठ्या लिपीतले पडले आहेत. मोठा वाय आठवड्याच्या हिशेबाचे वर्ष देतो.

एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून माहिती मागवण्याच्या सोयीला) २०२३-०८-२३टी१८:०४:००+०५:३० अशी वेळ दुव्यातून पाठवली आणि समोरून 'तारीख चुकीची' असे आले तर + चिन्ह पाहा. दुव्यात + म्हणजे मोकळी जागा समजली जाते. त्याच्या जागी %२बी लिहावे लागते.

## जन्मतारीख: इथे टाइमस्टॅम्प वापरूच नका

भारतीय ॲपमध्ये सर्वात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे '१५ ऑगस्ट भरली, १४ ऑगस्ट दिसते'. फॉर्मने १५ ऑगस्टची भारतीय मध्यरात्र धरली, ती यूटीसीत १४ ऑगस्ट १८:३० झाली, आणि दाखवताना कुणीतरी फक्त तारखेचा भाग उचलला. डेटाबेसमध्ये रांगेने १८:३० दिसले की समजावे.

टाइमझोन नीट लावूनही जुन्या जन्मतारखा फसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळे एक तास पुढे होती: ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२, आणि पुन्हा १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. टाइमझोनच्या जागतिक डेटाबेसमध्ये 'एशिया/कोलकाता'खाली हा इतिहास नोंदलेला आहे. १० जून १९४४ या जन्मतारखेची मध्यरात्र त्याने ९ जून १७:३० यूटीसी अशी साठवली, आणि दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने सरळ साडेपाच तास मिळवले, तर उत्तर ९ जून रात्री ११. निवृत्तिवेतनधारकाची जन्मतारीख एक दिवसाने बदलली. मुंबईने तर स्वतःची वेळ, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटे मागे, १९५५पर्यंत जपली होती. तिचा वेगळा टाइमझोन त्या डेटाबेसमध्ये नाही.

जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, सणाची सुटी या गोष्टी म्हणजे क्षण नव्हेत, कॅलेंडरवरचे दिवस आहेत. त्या वर्ष-महिना-दिवस अशाच साठवा. टाइमस्टॅम्प घडून गेलेल्या क्षणांसाठी ठेवा: पैसे कधी गेले, संदेश कधी आला, दार कधी उघडले.

पुढच्या भेटींच्या वेळांसाठीही नुसता टाइमस्टॅम्प पुरत नाही. भारतात घड्याळ हलत नाही, त्यामुळे ही सवय आपल्याला नसते. न्यू जर्सीतल्या मुलीशी ठरवलेला रविवारचा कॉल घ्या. ३ नोव्हेंबर २०२४ला तिथे रात्रीचा दीड दोनदा वाजला, एकदा आपल्या सकाळच्या अकराला आणि पुन्हा दुपारी बाराला. 'रात्री १:३०'चे दोन टाइमस्टॅम्प निघतात, ३६००च्या फरकाने, आणि दोन्ही बरोबर. उलट १० मार्च २०२४ला तिथे रात्रीचा अडीच वाजलाच नाही. अशा भेटी 'स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे पूर्ण नाव' या जोडीने साठवा, म्हणजे २०२४-११-१० ०९:०० आणि अमेरिका/न्यू_यॉर्क, आणि टाइमस्टॅम्प आयत्या वेळी काढा. सरकारे नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२मध्ये उन्हाळी वेळ बहुतेक भागात बंद केली, तेव्हा पुढच्या वर्षीच्या भेटींचे आधीच काढून ठेवलेले आकडे एका तासाने चुकीचे ठरले.

## रकानाभर आकडे बदलण्यापूर्वी

मूळ रकाना तसाच ठेवा, उत्तर शेजारच्या रकान्यात काढा. आधी एकच नोंद घ्या, जिची खरी वेळ दुसरीकडून माहीत आहे: बँकेचा एसएमएस, पावती, फोटोवरची वेळ. ती जुळली की सर्वात लहान आणि सर्वात मोठा आकडा बदलून पाहा. एकाच रकान्यात काही नोंदी १० अंकी आणि काही १३ अंकी असणे अजिबात दुर्मीळ नाही, विशेषतः ॲपची आवृत्ती मध्येच बदलली असेल तर. एक्सेलमध्ये 'लेन' फंक्शनने अंक मोजून फिल्टर लावला की हे मिनिटात कळते. शून्य आणि रिकाम्या नोंदी वेगळ्या काढा, नाही तर १९७०च्या पहाटेची गर्दी अहवालात दिसेल.

मग उत्तराच्या रकान्याच्या शीर्षकात 'वेळ' एवढेच न लिहिता 'वेळ, भारतीय, +०५:३०' असे लिहा. सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्याला, आणि तो बहुधा तुम्हीच असाल, तीनपैकी एक प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही.